लागोपाठ, सलग, पाठोपाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ये खंड न पडता एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत शब्द कमी नाहीत, उलट इतके आहेत की निवडताना घोळ होतो. बातमी लिहिणारे, सरकारी मजकुराचं भाषांतर करणारे, करारनामे वाचणारे आणि परगावी-परदेशी मुलांना मराठी शिकवणारे आईवडील या सगळ्यांना अडवणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

'लागोपाठ' म्हणजे नेमकं काय?

एक गोष्ट संपते न संपते तोच तशीच दुसरी येते, तिच्यामागून तिसरी येते, तेव्हा त्या लागोपाठ आल्या असं म्हणतो. शब्दाची घडण उघडी आहे: 'लागणे'मधला लाग आणि पाठ. याच दोन तुकड्यांची अदलाबदल केली की 'पाठलाग' होतो.

'लागोपाठ' म्हणायचं तर गोष्टी सुट्या आणि मोजता येण्याजोग्या हव्यात, त्या एकाच जातीच्या हव्यात आणि रांगेत मध्येच वेगळा निकाल घुसता कामा नये. 'संघाचे लागोपाठ तीन पराभव' म्हटल्यावर दोन सामन्यांमध्ये आठवडा गेला की महिना, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. मध्ये एक विजय आला तर मात्र शब्द खोटा पडतो. 'लागोपाठ' क्रम मोजतो, वेळ मोजत नाही, आणि निम्मा घोळ याच ठिकाणी होतो.

मग 'सलग' वेगळा कसा?

सलग म्हणजे सांधा नसलेलं. गोष्ट एकच असते, ती लांब पसरलेली असते. सलग भिंत, सलग आठ तास झोप, सलग दोन एकर रान. 'लागोपाठ आठ तास झोपलो' असं कोणी म्हणत नाही, कारण झोप ही आठ सुट्या गोष्टींची रांग नाही.

दोन्ही शब्द एकाच माणसाला कसे लागतात ते पाहायचं तर वसंतराव नाईकांचं उदाहरण घ्या. डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 असे ते सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. या काळात 1963, 1967 आणि 1972 अशी त्यांनी लागोपाठ तीनदा शपथ घेतली. कारकीर्द सलग, शपथा लागोपाठ. उलटं केलंत तर वाक्य समजेल, पण कानाला खटकेल.

पण वर्तमानपत्रं तर 'सलग तिसऱ्यांदा विजयी' असं सर्रास छापतात. ते चूक आहे का?

चूक म्हणता येणार नाही, वापर पक्का रुळला आहे. मथळ्यात तीन अक्षरांचा शब्द चार अक्षरांच्या शब्दाला मागे टाकतो, हेही एक साधं कारण असावं. मुंबईने 1958-59 ते 1972-73 अशी पंधरा वर्षं रणजी करंडक सोडला नाही. त्याला 'सलग पंधरा वेळा' म्हणा किंवा 'लागोपाठ पंधरा वेळा' म्हणा, वाचकाचा गैरसमज होत नाही.

तरी आमचा कल असा: संख्येनंतर 'वेळा', 'सामने', 'निवडणुका' असं काही सुटं येत असेल तर लागोपाठ; 'तास', 'दिवस', 'वर्षं', 'एकर', 'किलोमीटर' असं काही पसरणारं येत असेल तर सलग. दिवस हा मधला प्राणी आहे. तो मोजताही येतो आणि पसरतोही, त्यामुळे त्याला दोन्ही चालतात.

'पाठोपाठ' आणि 'लागोपाठ' एकच ना?

नाही. पाठोपाठला कुणाची तरी पाठ लागते. 'विजेच्या पाठोपाठ गडगडाट', 'वरातीच्या पाठोपाठ पोरं', 'राजीनाम्याच्या पाठोपाठ चौकशी'. म्हणजे हा शब्द शब्दयोगी अव्ययासारखा चालतो आणि त्याच्या दोन बाजूंना निरनिराळ्या जातीच्या गोष्टी असल्या तरी बिघडत नाही. 'लागोपाठ'ला हे जमत नाही. 'विजेच्या लागोपाठ गडगडाट' होत नाही.

त्यात एक छुपी सूचनाही असते. राजीनाम्याच्या पाठोपाठ चौकशी असं लिहिलं की वाचक दोन्हींचा संबंध जोडतो, मग तुम्ही तसं म्हटलं असो वा नसो. संबंध सुचवायचा नसेल तर 'राजीनाम्यानंतर दोन दिवसांनी' असं कोरडं लिहावं. बातमीत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

'एकापाठोपाठ एक' हा जोड मात्र लागोपाठच्या जवळचा. 'एकामागून एक', 'एकामागोमाग एक' हेही त्याच घरातले.

'पाठचा भाऊ' यातला 'पाठचा' हाच का?

हाच. आपल्यानंतर लगेच जन्मलेलं भावंड म्हणजे पाठचं भावंड. 'माझ्या पाठीवर दोन बहिणी' असंही म्हणतात. ताईला तीन भाऊ असले तरी तिच्या लगेच नंतरचा तो पाठचा, हा काटेकोर अर्थ. बोलताना मात्र कुठल्याही धाकट्या भावाला पाठचा म्हणून टाकतात. वंशावळ लिहिणाऱ्यांनी इथे जपून असावं: आजीच्या तोंडचा 'पाठचा' क्रमाने पुढचाच होता की नुसता धाकटा, हे विचारून घ्यावं.

क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाकडून दुसरा गोलंदाज टाकतो. मग एका गोलंदाजाची षटकं 'सलग' कशी?

हा प्रश्न आमच्या आवडीचा. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी 1964 मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध लागोपाठ 21 निर्धाव षटकं टाकली. 131 चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण होतं 32-27-5-0, म्हणजे 32 षटकं, त्यांतली 27 निर्धाव, 5 धावा, बळी एकही नाही. आता मैदानावर पाहणाऱ्याच्या दृष्टीने यातली कुठलीही दोन षटकं एकमेकांना लागून नव्हती. प्रत्येक दोहोंच्या मध्ये दुसऱ्याचं एक षटक होतं. सामन्याच्या घड्याळाने ती सलग नाहीत. नाडकर्णींच्या स्वतःच्या हिशोबाने मात्र लागोपाठ आहेत, आणि विक्रम त्याच हिशोबाने लिहिला जातो.

हॅटट्रिकचंही तेच. चेतन शर्माने 31 ऑक्टोबर 1987 ला नागपुरात न्यूझीलंडच्या तीन फलंदाजांचे त्रिफळे लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. ते तीन चेंडू एकाच षटकातले, त्यामुळे तिथे सलगही चालेल. पण ऑस्ट्रेलियाच्या मर्व्ह ह्यूजने 1988 मध्ये पर्थला वेस्ट इंडीजविरुद्ध घेतलेली हॅटट्रिक तीन वेगवेगळ्या षटकांत आणि दोन डावांत विखुरलेली होती. तिला कुणी सलग म्हटलं तर भुवया उंचावतील. लागोपाठ म्हटलं तर नियमही साथ देतो.

रवी शास्त्रीचे 1985 मध्ये वानखेडेवर बडोद्याविरुद्धचे सहा षटकार? लागोपाठ. षटक एकच होतं, पण षटकार सहा सुटेच होते.

'कामगाराने सलग 240 दिवस भरले की कायम' हे खरं आहे का?

यात दोन गैरसमज एकमेकांना चिकटले आहेत. पहिला 'सलग' या शब्दाचा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 25ब मध्ये 'अखंड सेवा' कशाला म्हणायचं ते सांगितलं होतं. त्यात मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष काम किमान 240 दिवस हवं, खाणीत जमिनीखाली काम असेल तर 190. हे दिवस एकाला एक लागून हवेत असं त्यात नव्हतंच. आठवड्याची पगारी सुट्टी धरायची की नाही यावर वाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ती धरली. आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदा नसलेला संप यांनी सेवा तुटत नाही, हेही त्याच कलमात होतं. थोडक्यात, कायद्याची 'अखंड' सेवा बोलीभाषेतल्या 'सलग' दिवसांपेक्षा बरीच ऐसपैस आहे.

दुसरा गैरसमज 'कायम' या शब्दाचा. 240 दिवस भरल्याने कामावरून काढताना नोटीस, भरपाई वगैरे संरक्षण लागू होत असे. आपोआप कायम नेमणूक मिळत नसे. आता या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, तेव्हा प्रत्यक्ष दावा करायचा असेल तर संहितेचा चालू मजकूर आणि कामगार कायद्याचा वकील, दोन्ही पाहावेत.

सरकारी आणि निमसरकारी नोकरीतले 'सेवाखंड', 'तांत्रिक खंड', 'खंड क्षमापित करणे' (म्हणजे पडलेला खंड माफ करणे) हे शब्दही याच वळणाचे. अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक-दोन दिवसांची फट, मग पुन्हा नेमणूक. ती फट पाडली जाते तीच सेवा सलग दिसू नये म्हणून. भाषेच्या पानावर यापेक्षा जास्त बोलणं बरं नव्हे.

रजेच्या अर्जात 'लागून' की 'जोडून'?

'दिनांक अमुक ते तमुक रजा, आणि आधीची व नंतरची सुट्टी रजेला जोडून घेण्याची परवानगी मिळावी' हे कार्यालयातलं नेहमीचं वाक्य. आपण करतो ते जोडणं. कॅलेंडरने आपोआप केलेलं ते लागून येणं. शनिवार-रविवारला लागून सोमवारी सण आला की 'जोडून आलेल्या सुट्ट्या' असंही म्हणतात आणि मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काय होतं ते सांगायला नको.

'सतत' म्हणजे खंड नसलेलं, मग 'तो सतत आजारी असतो' कसं चालतं?

चालतं, कारण बोलण्यात 'सतत'चा अर्थ 'फार वेळा' इथवर सैल झाला आहे. 'सारखा', 'एकसारखा' यांचंही तसंच: 'सारखा मोबाइल बघतो'. यात तक्रारीचा सूर असतो, मोजमाप नसतं. म्हणून नियम, करार, अहवाल यांत नुसता 'सतत' धोक्याचा.

याचं चांगलं उदाहरण शेतीच्या मदतीत सापडतं. अतिवृष्टीची व्याख्या आधीपासून आकड्यांत होती: 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस. पण रोज थोडा थोडा पडत राहून पीक कुजवणारा पाऊस त्यात बसत नव्हता. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 'सततचा पाऊस' हीसुद्धा मदतीला पात्र आपत्ती मानली, तेव्हा 'सतत' म्हणजे किती हे ठरवावंच लागलं. इतर अटींबरोबर त्यात सलग पाच दिवस, दररोज किमान 10 मिलिमीटर असं माप आलं. सैल शब्दाला आवळायला सलग कामी आला.

आणि पावसाचा 'खंड'? 'सलग 21 दिवसांचा खंड' हे वाक्य विनोदी वाटतं.

वाटतं खरं, पण निर्दोष आहे. खंड म्हणजे पावसातली फट. ती फट मध्ये न बुजता 21 दिवस टिकली, म्हणजे सलग. 2023 च्या खरिपात पीकविम्याच्या चर्चेत हा 21 दिवसांचा खंड घरोघरी पोहोचला. मधल्या एका दिवशी दोन शिंतोडे आले तर खंड मोडला का, यावर गावात जे वाद झाले ते शब्दार्थाचेच वाद होते. सलग म्हणण्याआधी फट कशाला म्हणायचं ते ठरवलं पाहिजे. हे ठरलं नसेल तर सलग, लागोपाठ, अखंड, कुठलाही शब्द घ्या, भांडण होणारच.

शेतकरी 'सलग तूर' म्हणतात, तिथे काय अर्थ?

तिथे वेळ नाही, जागा. सोयाबीन किंवा कपाशीच्या ओळींत तूर घेतली तर ती आंतरपीक. अख्ख्या रानात तूरच असेल तर सलग पीक. बियाण्याचं प्रमाण, दोन ओळींमधलं अंतर, सगळं यावर बदलतं.

पाणलोटाच्या कामातले 'सलग समतल चर' याच जातीचे. डोंगरउतारावर एका पातळीत येणारी रेषा आखून त्या रेषेने चर खोदत नेतात. समतल असल्यामुळे पाणी एका टोकाला धावत नाही, आणि सलग असल्यामुळे वरून येणाऱ्याला फट मिळत नाही. मग ते जिरतं. इथे समतल आणि सलग ही दोन वेगळी कामं करणारी विशेषणं आहेत, उगाच जोडलेली नाहीत. बोलताना मंडळी 'सीसीटी' (कंटिन्युअस कंटूर ट्रेंच) म्हणतात, पण इस्टिमेटवर मराठी नाव शाबूत आहे.

गणितात 'लागोपाठच्या संख्या' म्हणायचं की 'क्रमागत'?

पाठ्यपुस्तकात 'क्रमागत' सापडेल: क्रमागत पूर्णांक, क्रमागत सम संख्या, श्रेढीतली क्रमागत पदं. वर्गात समजावताना लागोपाठ म्हणायला काहीच हरकत नाही. सलग मात्र नको. 4, 6, 8 या लागोपाठच्या सम संख्या आहेत, पण मध्ये 5 आणि 7 आहेत, सलग कुठे? सम संख्यांच्या रांगेत त्या एकमेकींच्या पाठीला लागून आहेत, एवढंच. भूमितीत शेजार दाखवायला 'लगतच्या बाजू' आणि 'संलग्न कोन' आहेत. लगत, लागून, संलग्न, इतकंच काय लग्नसुद्धा, सगळी लग् धातूची प्रजा.

अखंड, अविरत, अव्याहत, निरंतर: यांत फरक आहे की नुसती आलंकारिक भर?

आहे, पण भाषणं करणाऱ्यांनी तो पुसत आणला आहे. निरंतर म्हणजे ज्यात अंतर नाही. अविरत म्हणजे विराम नाही. करणाऱ्याकडे लक्ष, म्हणून 'अविरत कष्ट'. अव्याहत म्हणजे ज्याला कुणी अडवलं नाही. 'वाहतूक अव्याहत चालू' यात अडथळ्याची शक्यता होती हे गृहीत आहे. अखंड म्हणजे तुकडा पडला नाही.

यांतला अखंड हा एकटाच खेड्यापाड्यात रोजच्या बोलण्यातला आहे, आणि तो टिकला तो अखंड हरिनाम सप्ताहामुळे आणि नवरात्रातल्या अखंड दिव्यामुळे. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे वाटलेले असतात. एका गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. माणसं बदलतात, झोपतात, जेवतात. अखंड आहे ते भजन, भजन करणारा नव्हे. पहाटे तीनच्या पहाऱ्याला कुणाचं नाव लागतं यावरून गावचं राजकारण कळतं, तो भाग निराळा.

जोतीराव फुल्यांनी आपल्या अभंगवळणाच्या रचनांना 'अखंड' हेच नाव दिलं. आणि 'अभंग' तरी काय, न भंगलेला तोच.

पिढ्यांच्या बाबतीत कोणता शब्द?

'पिढ्यानपिढ्या', 'वंशपरंपरेने'. जुन्या सनदांत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' किंवा 'लेकराचे लेकरी' असं येतं. वतन देताना ते पुढे तुटू नये याची ही शाब्दिक तटबंदी. 'लागोपाठ चार पिढ्या वैद्य' हे मात्र आजचं आणि ठीक. 'सलग चार पिढ्या'ही चालेल, पण पिढ्या माणसांच्या असतात, लागोपाठने त्या जिवंत वाटतात.

'तीन सलग दिवस' बरोबर की 'सलग तीन दिवस'?

'सलग तीन दिवस'. 'तीन सलग दिवस' हे भाषांतराच्या घाईत सुटलेलं रूप आहे. अर्थ कळतो, मराठी वाटत नाही. 'तीन दिवस सलग' बोलताना येतं आणि छान येतं, कारण तिथे जोर सलगवर पडतो: 'तीन दिवस सलग झोडपलं पावसानं'.

कायद्याच्या मजकुरात आणखी एक गोष्ट पाहावी: कशाची बेरीज चालली आहे. संविधानाच्या 101 व्या अनुच्छेदानुसार खासदार सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला तर त्याची जागा रिक्त जाहीर करता येते. हे साठ दिवस मोजताना सभागृह लागोपाठ चारपेक्षा जास्त दिवस तहकूब असेल किंवा सत्रसमाप्ती झालेली असेल तर तो काळ वगळायचा. आमदारांसाठी 190 व्या अनुच्छेदात हीच तरतूद आहे. 'लागोपाठ' हा शब्द इथे साठाला नाही, चाराला लागतो. भाषांतरात तो चुकीच्या आकड्याशेजारी बसवला तर कुणाची तरी खुर्ची हलेल.

'सलग तीन दिवस काम केलं' म्हणजे 72 तास न झोपता का?

ऐकणारा सहसा तसं समजत नाही. तीनही दिवस कामावर होतो इतकंच समजतो. खरोखर न थांबता केलं असेल तर 'तीन दिवस तीन रात्री', 'रात्रंदिवस', किंवा सरळ 'सलग 72 तास' म्हणा. तासांत सांगितलं की पळवाट उरत नाही.

विरुद्धार्थी शब्द?

एकच नाही. 'अधूनमधून', 'थांबून थांबून', 'टप्प्याटप्प्याने', 'आलटून पालटून'. नियमित फट असेल तर 'आड': दिवसाआड पाणी, एकाआड एक खांब. या पानाच्या शीर्षकातला 'वारंवार'ही खरं तर विरुद्ध बाजूचाच, कारण पुन्हा पुन्हा यायचं तर मध्ये जावं लागतं.

'लगातार' आणि 'बॅक टू बॅक' चालवून घ्यावेत का?

'लगातार' हिंदी आहे आणि त्याची मराठीत कुठलीही जागा रिकामी नाही. 'बॅक टू बॅक मीटिंगा' ऑफिसात बोलून झाल्या आहेत, त्या आता मागे घेता येणार नाहीत; लिहिताना 'एकाला लागून एक बैठका' म्हणून पाहा, इतकं अवघड नाही.

लेखनाचे नियम?

'लागोपाठ' आणि 'पाठोपाठ' एकेकच शब्द, तोडायचे नाहीत. विशेषण करायचं तर 'लागोपाठचा, लागोपाठची, लागोपाठच्या'. 'सलग' लिंगवचनाने बदलत नाही: सलग रस्ता, सलग भिंत, सलग शेतं. 'सलगी' हे त्याचं स्त्रीलिंगी रूप नव्हे. सलगी म्हणजे जवळीक, आणि साहेबांशी सलग बोललात तर फार तर ते कंटाळतील, सलगीने बोललात तर रागावतील.